उजव्या पायाचा खळगा

"चिखलाचा पाय हाये तुहा, चिखलातच राहा! सिमेंटवर उभं राहाची अवकात हाये का तुही?"

तेजराम हे इतक्या जोरात बोल्ला का शेजारच्या कुंताबाईचा भांडे घासाचा आवाज बंद झाला. कुंताबाईचे कान तसेही आपल्या घरात कमी अन् दुसऱ्याच्या घरात जास्त राहत.

"अवकात काढू नका, बाबा. सांगून ठेवतो," प्रविण ओसरीवरून गरजला.

"काय करशीन? मागच्या खेपेले गोडाऊनमधून शेपूट घालून आला, अन् आता मले दम देऊन राहिला! धानाचा रोवना अर्धा पडला हाये. पऱ्ह्याचे रोपं उपटून बांधीच्या चिखलात पडले हायेत. मजूर भेटत नाई. अन् हा साहेब जोडे घालून चालला!"

पोरगं नुकतंच अठराचं झालेलं. दहावी अर्ध्यात सोडली, कारन मास्तरनं कान धरला अन् यानं मास्तरचा हात धरला. डोकं असं का काडी लावाच्या आधीच पेटे. पन नजर मोठी तेज. कोनाच्या चपलेची टाच कोन्या बाजूनं घासली, कोनाचा बैल कोन्या पायानं लंगडते, हे त्याले चालता चालता दिसे. आपल्या स्वतःच्या पायाचं मात्र उशिरा दिसलं.

दिवाळीनंतर गावच्या इश्वरनं त्याले नागपूरकडच्या एका गोडाऊनमध्ये लावून देलं होतं. पार्सलचं गोडाऊन. दिवसभर सिमेंटवर उभं राहून डब्बे वेगळे करा लागत. काम काही जड नव्हतं. पन दुपार झाली का टाचेतून कळ निघे, घोट्याच्या आतल्या अंगानं वर चढे अन् गुडघ्यात जाऊन बसे. संध्याकाळी घोटे असे फुगत का जोडा निघता निघत नसे. "पाय दुखते" हे म्हाताऱ्याचं बोलनं, ते कोनाले सांगाचं? नाई सांगितलं. एक दिवस सुपरवायझरनं "बसला काहून बे?" म्हनून हटकलं, अन् यानं डब्बा त्याच्या पायाशी आपटला. झालं. बोरा-बिस्तर उचललं अन् घरी आला.

गावाले गोष्ट पुरली. पार्सलच्या गोडाऊनमधून वापस आला म्हनून पोट्ट्यायनं नाव ठेवलं, रिटर्न. पानठेल्यावर गेला का "या रिटर्नभाऊ", तलावावर गेला का "पत्ता चुकला का रिटर्न?" घरी बाबा बोलत, बाहेर पोट्टे बोलत, अन् मधात रस्ता तेवढा, तोही बांधीकडं जानारा.

सांगाले लाज वाटे अशी गोष्ट एकच होती. चिखलात त्याचे पाय दुखत नव्हते. बांधीत उतरला का चिखल तळव्याले खालून धरे, जिथं जागा रिकामी तिथं भरे, अन् पायाले वाटे आपून घरी आलो. दिवसभर वाकून रोवना करा, कंबर मोडन, पन पाय नाई. बाबानं हे हेरलं होतं. म्हनूनच ते म्हने, देवानंच तुले चिखलाचा पाय देला. प्रविणले ते आयकून आंग जळे. चिखल पायाले धरते ते ठीक. पन धरला का सोडत नाई.

गोडाऊनमध्ये जातानीच एकानं त्याले जोड्यात टाकाचा नरम सोल घ्याले लावला होता, जेलवाला, गादीसारखा. सकाळी बरं वाटे. जेवनाच्या सुट्टीपर्यंत तो दबून पापड होऊन जाय. वापस आल्यावर तो सोल घेऊन साकोलीले, जिथून घेतला त्या ताराचंदच्या जोड्याच्या दुकानात गेला, भांडाले.

"हा काय माल हाये?"

ताराचंदनं माल पाह्यलाच नाई. खाली फरशीकडं पाह्यलं. बाहेर पानी होतं, प्रविणनं चप्पल दारात काढली होती, अन् त्याचे ओले पाय फरशीवर उमटले होते. अख्खे. टाचेपासून बोटापर्यंत, जसा ओला पाट ठेवून उचलावा.

"माल बरा हाये, गिऱ्हाईकच सपाट हाये," ताराचंद हसला.

"हसू नको, काका. डोकं फिरलं हाये माहं."

"फिरू दे. पाय फिरू नको देऊ." त्यानं वरच्या फळीवरून सोलच्या चार-पाच जोड्या खाली टाकल्या. "घे. तूच निवड. दोन बोटानं मोडून पाह मधातून. मोडला तं ठेवून दे."

जेलचे मोडले. फोमचे मोडले. एक जाड होता, पन सगळीकडं सारखाच, त्यात उंचवटा नव्हताच. एकाले उंचवटा होता, पन अंगठ्यानं दाबला का खाली बसे. शेवटचा मात्र अडला. वरून कापड, खालून कडक प्लास्टिक, टाचेले वाटीसारखी खोल जागा अन् आतल्या अंगानं उचललेला टेकू. प्रविणनं जोड्यातला जुना सोल उपटून काढला, हा टाकला अन् उभा राहिला.

"बोचते."

"कुठं? बोटाकडं का घोट्याखाली?"

"घोट्याखाली."

"मंग बराबर हाये. पुढं बोचला असता तं तुह्या मापाचा नव्हता. पह्यले थोडा वेळ घाल, मंग वाढवत जा. एकदम दिवसभर घालशीन तं मलेच शिव्या देत येशीन."

तेव्हापासून प्रविण सकाळ-संध्याकाळ तलावाच्या पारीवर, त्या उंच बांधावर, जोडे घालून येरझारा घाले. अख्खं गाव रोवन्यात उघड्या पायानं, अन् हा एकटा जोड्यात. बांधीतल्या बाया हसत, "नवरदेव चालला पाहा, नवरी कुठं सांडली?" तो दात खाऊन चाले. पन चाल वाढत गेली. घोटे फुगाचे थांबले. इश्वरनं गोडाऊनच्या ठेकेदाराच्या हातापाया पडून याच्यासाठी आनखी एक खेप मागून घेतली. "आज दुपारी गाडी घेऊन येतो. आज नाई आला तं माहं नाव घेऊ नको," हे त्याचं शेवटचं बोलनं.

म्हनून आज हे भांडन.

"माय! जोडे कुठं हाये माहे?" बाबाले पाठ दाखवून प्रविण ओरडला.

"चुलीपाशी," आतून रुखमा म्हनाली. "काल तू चिखलात भरवून आनले ना, धुतले म्या. बरं झालं धुतले. आतला पत्रा पार फुगला होता, बापा."

प्रविण गर्रकन वळला. "कोन्ता पत्रा?"

तो आत धावला. चुलीवर तवा, तव्यावर फडकं, फडक्यावर डावा सोल नुकताच ठेवलेला. अन् उजवा? उजवा पाट्याखाली. ज्या पाट्यावर मसाला वाटत, त्या दगडाखाली. त्यानं पाटा उचलला. सोल पापडासारखा सपाट. टेकू नाई, वाटी नाई, काही नाई.

"पान्याच्या झडीत सगळंच फुगते," रुखमा कौतुकानं सांगू लागली. "दाराची फळी फुगली, पेटीचं झाकन फुगलं. तसं हे मधातून फुगलं होतं. म्हनलं, माह्या लेकाच्या पायाले टोचन दिवसभर. गरम केलं अन् दाबून ठेवलं. पाह कसं सरळ झालं. आता दुसरं..."

"माय, हात नको लावू!" त्यानं तव्यावरचा डावा ओढून काढला, बोटं पोळली. तो अजून शाबूत होता. "अवं, तोच तं माहा पाय होता! ते फुगलेलं नव्हतं, ते तसंच राहते! काय केलं तुनं!"

 रुखमाच्या हातातलं दुसरं फडकं हातातच राहिलं.

अंगनातून तेजराम हसला. खरंच हसला. "देवालेही तेच पायजे. चाल, बांधीत."

मंग प्रविण पेटला. पान्याचा गडवा उचलून ओसरीवर आला. बाबा आत्ताच बांधीतून येऊन पाय धुवून ओसरी चढला-उतरला होता, त्याच्या ओल्या पायाचे ठसे सिमेंटवर होते. टाच वेगळी, चवडा वेगळा, मधात कोरडी खिंड. प्रविणनं आपल्या पायावर पानी ओतलं अन् त्या ठशाच्या बाजूले आपला पाय आपटला.

"पाहा! आळशी म्हनता ना मले? पळपुटा म्हनता ना? रात्री बांधीत कोनाची म्हैस शिरली ते तुमी खुराच्या ठशावरून सांगता, सारं गाव विचाराले येते. मंग घरच्या पोराचा पाय कधी पाह्यला का? सांगा आता, हे जनावर काहून पळून आलं!"

 तेजराम सवयीनं खाली वाकला. दोन पाय बाजूबाजूले. पोराच्या पायाले आतली कड नव्हतीच, अन् टाच आतल्या अंगानं रुंद पसरली होती. त्यानं बोटानं ती ओली कड चाचपली. पानी सुकत चाललं तसा तो आनखी वाकला.

"दोन्हीही असेच?"

"दोन्हीही."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तं तुमी काय म्हनले असते?"

तेजरामनं ओलं बोट धोतराले पुसलं. मंग म्हनला, "बैलाचा खूर असा पडला असता तं म्या त्याले दगडी रस्त्यावर चालवलं नसतं." अन् उठला. हे त्याचं माफी मागनं होतं का आनखी एक टोमना, हे कळाले मार्ग नव्हता.

पन प्रविणची नजर आता बाबाच्या पायावरच अडकली होती. त्या कोरड्या खिंडीवर. गरम केल्यानं सपाट झालं, तं गरम केल्यानं उठनही. साचा पायजे फक्त. अन् आपला पाय साच्याच्या कामाचा नाई.

दाराशी रुखमानं चूल सारवाले भुसा घालून माती मळून ठेवली होती, पुरीच्या पिठासारखी घट्ट.

"बाबा, उजवा पाय द्या. या मातीत दाबा."

"कायले?"

"द्या म्हनतो ना!"

तेजराम मधात उभा. एकीकडं बांधी, पऱ्हे, आभाळ. एकीकडं हे पोट्टं, हात पुढं करून. पाय देला तं पोरगं जाते, हे त्यालेही समजत होतं.  कुंताबाईच्या घरून भांड्याचा आवाज नव्हता.

मंग त्यानं धोतर वर खोचलं अन् उजवा पाय मातीत रोवला. पूर्न भार देऊन. उचलला तं टाचेची वाटी उमटली, अन् मधात मातीचा उंचवटा उठलेला.

प्रविणनं उजवा सोल तव्यावर धरला. प्लास्टिक मऊ झालं, वास सुटला. त्यानं तो मातीतल्या पायात ठेवला, टाचेले टाच लावली, वरून फडक्याची घडी अन् दोन्ही अंगठे. रुखमानं न सांगता थंड पानी ओतलं. निघाला तं उंचवटा होता. डाव्यासारखा साफ नाई, जरा वाकडा, पन अंगठ्यानं दाबल्यावर बसला नाई. खाली माती चिकटलेली, ती त्यानं पुसली अन् सोल जोड्यात टाकला.

उभा राहिला.

"टोचते का?" तेजरामनं दुसरीकडं पाहत विचारलं.

"टोचते."

"कुठं?"

"घोट्याखाली... अन् जरासा पुढंही." खोटं बोलाची इच्छा झाली होती, पन बोलला नाई. हा टेकू पुरते का दुपारीच दगा देते, ते सिमेंटवर उभं राहिल्याबिगर समजनार नव्हतं. अन् तिथं तव्हा कोनी नसन, ना चूल ना माती.

"रिटर्न आला तं बांधी हायेच," तेजराम म्हनला, पायाची माती धुवाले बसला, अन् मंग वर पाह्यलंच नाई.

गावाच्या वळनावरून हॉर्न वाजला. रुखमा घाईघाईनं तळहातावर दही घेऊन आली. "घे. अन् येतो म्हन. जातो म्हनू नाई बापा, येतो म्हन."

प्रविणनं दही चाटलं. 'येतो' हा शब्द ओठापर्यंत आला. येतो म्हंजे रिटर्नच; अख्खं गाव त्या एका शब्दावर हसत होतं अन् बाबा पाठमोरा बसून त्याचीच वाट पाहत होता. त्यानं तो दह्यासंग गिळला. हॉर्न पुन्हा वाजला, या बारीनं लांब.

"इश्वर थांबनार नाई, माय," तो म्हनला. "मले आता निघा लागते."