समोरच्या बाकावरचे मौन

मी एक जुना बाक आहे. ज्या वर्षी एडिथ पेनॉकची आजी लग्न होऊन टॅनर्स रनला आली, त्याच वर्षी, म्हणजे १८७४ साली, मला घडवले. तिच्या सासऱ्याने ओढ्याकाठचे अक्रोडाचे झाड पाडून लाकूड माळ्यावर सुकत ठेवले होते. लग्नाला आठवडा उरला तेव्हा मी चार पायांवर उभा राहिलो. माझ्यावर पहिल्यांदा बसले ते नवरानवरी. पाद्री नव्हता, वाजंत्री नव्हती, अंगठीही नव्हती. सगळे गप्प बसले. मग दोघांनी उठून एकमेकांना शब्द दिला आणि पुन्हा सगळे गप्प बसले. झाले लग्न. मित्रांनो, माझ्या आयुष्याची सुरुवात अशी शांततेत झाली.

तुम्हाला 'मित्रांनो' म्हणणे मला नवे नाही. ज्या लोकांत मी आयुष्य काढले ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक स्वतःला मित्रच म्हणवतात. पेन्सिल्वेनियातल्या आमच्या खोऱ्यात त्यांची शाळा आहे. तिथे कुणी सर नाही, बाई नाही, साहेब नाही. सात वर्षांचे पोर मुख्याध्यापिकेला 'एडिथ' अशी हाक मारते आणि जुनी माणसे गव्हर्नरलाही तूच म्हणतात. मी त्यांच्याच रीतीने सांगणार आहे. कुणाला अहोजाहो केले नाही तर रागावू नका.

शाळेच्या सभागृहात बाकीचे सगळे बाक एका दिशेला तोंड करून होते आणि मी त्यांच्याकडे तोंड करून. म्हणून मी समोरचा बाक. माझ्यावर वडीलधारी माणसे, सभेचा चिटणीस आणि मुख्याध्यापिका बसत. मला रंग नाही, गादी नाही. वर्षातून एकदा मेण चोळत, तेवढाच माझा लाड.

रोज सकाळी मुले येऊन बसत आणि अर्धा तास कुणी बोलत नसे. आत काही उमटले तर उठून बोलावे, नाहीतर गप्प राहावे, अशी रीत. तोंडे मिटलेली असली तरी मुले कुठली ते मला कळे. गावातून येणाऱ्यांच्या अंगाला बाहेरच्या थंडीचा, घोड्यांचा आणि पुढे मोटारीच्या तेलाचा वास असे. वसतिगृहातल्या मुलांना एकाच साबणाचा आणि स्क्रॅपलच्या, म्हणजे डुकराचे मांस आणि मक्याच्या पिठाच्या, तळलेल्या वड्यांचा वास. गावातली मुले घड्याळाकडे बघत. वसतिगृहातली मुले खिडकीतून रस्त्याकडे बघत.

माझ्या उजव्या टोकाला जोसाया हूप्स बसे. आईबाप वारल्यावर सहा वर्षांचा असताना तो या वसतिगृहात आला आणि म्हातारा होऊन त्याच सभेचा वडीलधारा झाला. त्याच्या डाव्या खुब्यात दुखणे होते. तो सारखा वजन इकडून तिकडे टाकी आणि दर वेळी माझी फळी करकरे. मान खाली घालून, हनुवटी छातीला टेकवून, डोळे मिटून बसण्याची त्याची सवय. तो झोपतो की काय, यावर वसतिगृहातल्या मुली पैजा लावत. एकदा टॅसी मेंडेनहॉल नावाच्या बारा वर्षांच्या मुलीने त्याला विचारलेच.

"जोसाया, तू सभेत झोपतोस का रे?"

"झोपतो की."

"मग ऐकतोस कसा?"

"एका कानानं. दुसरा तुम्ही पैजा लावता ते ऐकायला ठेवलाय."

एडिथ शाळेची मुख्याध्यापिका झाली ती चाळिशीत. ती त्याच्या शेजारी, माझ्या मध्यावर बसे. पाठ ताठ, पायांतले बूट एकमेकांना जुळवलेले. ती आल्यावर पहिली काही वर्षे बरी गेली. मग १९५५च्या जानेवारीत वसतिगृहाचे धुराडे तापून भिंतीतली फळी पेटली. तोवर तिथे मुलीच राहत; एका अरुंद लाकडी जिन्यावरून सगळ्या खाली आल्या, कुणाला इजा झाली नाही. पण त्या दिवसापासून एडिथचे बसणे बदलले. मौन सुरू झाले की तिची बोटे माझी कड घट्ट धरीत. वसतिगृहात कुणी पाव भाजला तरी ती उठून जिन्याकडे जाई.

तिने वसतिगृह बंद करायचे ठरवले. शाळा फक्त दिवसाची ठेवायची, वसतिगृहाच्या जागी वर्ग बांधायचे. गावातल्या पालकांना ते हवेच होते. सभेतले बहुतेक लोकही तयार झाले. अडला एकटा जोसाया.

इथे त्यांची रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. हे लोक हात वर करून मते मोजत नाहीत. चिटणीस ठराव वाचतो, मग सगळे गप्प बसतात. ज्याला खुपते तो बोलतो. एक माणूस जरी मनापासून अडला तरी ठराव पुढे जात नाही. आणि कुणीच बोलले नाही, तर ते मौन म्हणजे होकार. मग समोरच्या बाकावरचा चिटणीस शेजाऱ्याचा हात हातात घेतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा, आणि सभा संपते.

सभा भरण्याआधी दोघे माझ्यावर बसून भांडत. भांडण म्हणजे हळू आवाजातले.

"एडिथ, तुझं ऐकलं की वाटतं शाळा म्हणजे गोठा. संध्याकाळी जनावरं सोडली की काम संपलं."

"आणि तुझं ऐकलं की वाटतं त्या घराला दहा जिने आहेत. एक आहे, जोसाया. तोही लाकडी."

"मग दुसरा बांध."

"तोवर पुन्हा पेटलं तर? तुला खरंच धुराचा वास येत नाही?"

"येतो ना. पण टॅसीची आई शहरात दवाखान्यात फरशा पुसते, तिथंच एका खोलीत चौघी जणींत राहते. ते घर गेलं तर ही पोर कुठं जाईल, ते सांग. मग मी गप्प बसतो."

 एडिथ बूट जुळवून सरळ बसे आणि ठराव त्या महिन्यापुरता बाजूला पडे. असे वर्षभराहून जास्त चालले.

मग ती दुपार आली. त्या दिवशी रविवार होता. हे लोक वारांना नावे देत नसत, त्याला पहिला दिवस म्हणत. सभागृहातली शेगडी धगधगत होती. जोसाया काठी टेकत आला, नेहमीच्या जागी बसला, मान खाली घातली. चिटणीस विल्मर कोप एडिथच्या पलीकडे बसला होता. बराच वेळ मौन झाले. मग विल्मरने कागद उलगडून ठराव वाचला आणि विचारले, "मित्रांना हे मान्य आहे का?"

एकेक आवाज आला. "मान्य." "माझ्या मनातलंच आहे." मग सगळ्यांचे डोळे माझ्या उजव्या टोकाकडे वळले.

जोसाया बोलला नाही. हनुवटी छातीवर, हात गुडघ्यांवर. एडिथने त्याच्याकडे अर्धवट मान वळवली. पूर्ण वळवली नाही. विल्मर थांबला. खूप थांबला; त्याने घाई केली असे म्हणता येणार नाही. शेगडीतले लाकूड कोसळून पडले तरी जोसाया हलला नाही. बायकांपैकी कुणी तरी डोळे पुसले. म्हातारा वाटेतून बाजूला झाला, असे सगळ्यांना वाटले. अडून बसलेला माणूस शांतपणे सोडून देतो, तेव्हा या लोकांना देव जवळ आल्यासारखे वाटते.

विल्मरने एडिथचा हात हातात घेतला. एडिथने वळून जोसायाचा हात घेतला.

ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "जोसाया." मग पुन्हा, "जोसाया, अरे." आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिली. बाकीचे लोक एकमेकांशी हात मिळवत होते. त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

डॉक्टर आला. म्हणाला, हृदय थांबले, यातना झाल्या नाहीत. ठराव वाचण्याआधी की नंतर, ते सांगता येणार नाही.

मूठमाती दिल्यावर दुसऱ्या दुपारी एडिथ आणि विल्मर माझ्यावर येऊन बसले. उजव्या टोकाची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

"ठराव झालाय, एडिथ. सगळ्यांदेखत झालाय," विल्मर म्हणाला.

"जोसायानं ऐकला का?"

"ऐकला असेलही."

"असेलही? तेवढ्यावर मी टॅसीची गाठोडी बांधू?"

"वर्षभर तूच मागत होतीस की हे."

"म्हणूनच तर." एडिथ त्याच्याकडे वळली. "मला हवं होतं ना, म्हणून मी त्याच्याकडे धड पाहिलं नाही. आगीत एखादं मूल गेलं असतं तर मी जगले नसते, विल्मर. आणि आता हे घेऊन तरी कशी जगू? माणूस शेजारी मरून पडला आणि मी म्हटलं, बरं झालं, गप्प आहे."

विल्मरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता तो नाहीच. पुढच्या महिन्यात पुन्हा वाचला तरी कुणी अडणार नाही."

"बघू कुणी अडतं का ते," ती म्हणाली.

पुढच्या सभेला तिने वसतिगृहातल्या मुलींना आत आणून पुढच्या बाकांवर बसवले. कामकाजाच्या सभेत मुले आल्याचे मी तोवर पाहिले नव्हते. काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. एडिथ उभी राहिली आणि ठराव परत घेतला. म्हणाली, "आपण एका मित्राचं मौन आपल्या सोयीनं वाचलं. सगळ्यात आधी मी."

मग टॅसी उठली. तिने हात झग्याच्या खिशात कोंबले.

"आम्हाला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "जोसाया आदल्या दिवशी आला होता आमच्याकडे. जिन्यावरून वर चढला, मध्ये दोनदा बसला. म्हणाला, जिना वाईटच आहे, एडिथचं खरं आहे. मी विचारलं, मग तू हो म्हणणार? तर म्हणाला, अजून माहीत नाही. बाकावर बसलो की कळेल."

ती खाली बसली. कितीतरी वेळ कुणी हलले नाही. त्या मौनाला मात्र कुणी होकार म्हटले नाही.

वसतिगृह राहिले. बाहेरून लोखंडी जिना बसवला. त्यावर पाय पडला की घणघण आवाज होई. टॅसी तिथेच शिकून मोठी झाली. पण एडिथचे सुख त्यात परतले, असे मी सांगू शकत नाही. ती शेवटपर्यंत धुराचा वास घेत राहिली. फक्त एक नवी रीत तिने लावली. चिटणीसाने मान्य आहे का विचारले आणि कुणी गप्प राहिले, तर शेजाऱ्याने त्याच्या बाहीला हात लावायचा आणि हळूच विचारायचे, "तुझं काय?" उत्तर आल्याशिवाय सभेचे हात मिळत नसत.

मित्रांनो, पुढे वसतिगृहात येणारी मुले कमी होत गेली आणि ते आपोआपच बंद पडले. त्यासाठी ठराव लागला नाही. शाळेला नवे सभागृह झाले, त्यात घडीच्या खुर्च्या आल्या. मला बाहेरच्या ओट्यावर ठेवले. आता माझ्यावर ओले बूट असतात, दप्तरे असतात, कुणाचा तरी विसरलेला डबा असतो. पाऊस आडवा आला की माझे एक टोक भिजते. मेण चोळून किती वर्षे झाली, आठवत नाही. टॅसी आता सभेची वडीलधारी आहे. ती कधी तरी येते, बूट बाजूला सारते आणि उजव्या टोकाजवळ बसते. ती मला सांगितल्यासारखे पुटपुटली की आत बाहीला हात लावतात अजून, पण विचारत कुणी नाही.

मला मेण नको. जमले तर भिजणाऱ्या टोकाखाली एक वीट घाला, नाहीतर राहू द्या. पण तुमच्या घरात, वर्गात, जेवणाच्या टेबलावर कुणी गप्प बसलेले असेल, तर त्याचे म्हणणे आपल्याला कळले असे धरून चालू नका. विशेषतः ते गप्प राहणे तुमच्या सोयीचे असेल तेव्हा. मान पूर्ण वळवून बघा. हात लावा. विचारा.

जोसाया त्या दिवशी काय बोलला असता ते मलाही ठाऊक नाही. मला एवढेच ठाऊक आहे की माझी फळी शेवटची करकरली तेव्हा विल्मरचा कागद अजून घडीतच होता. बाकाला कुणी विचारत नाही, म्हणून हे आजवर सांगायचे राहिले.

एडिथ पेनॉक १९७१ साली मार्च महिन्यात वारली. जोसाया हूप्स १९५६ साली, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी वारला. प्रश्न विचारला जाण्याच्या आधी.