मधल्या पेशी

माझ्या हातची चकती म्हणजे बघायला नको, असा माझा तोरा होता. गुडघ्यातली कूर्चा झिजली की तिथे बसवायची ही चकती; तिच्या छिद्रांत पेशी वाढवायच्या. साच्यात मीठ भरायचं, वर पॉलिमर ओतायचं, सुकलं की पाण्यात बुडवून मीठ काढून टाकायचं. मिठाच्या जागी छिद्रं उरतात. चार वर्षं मी हेच करत होते आणि माझी छिद्रं मोठी देखणी यायची.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेत पेशी सांभाळणाऱ्या बाईंनी चकती मधोमध कापून, आतल्या सगळ्या मेल्यात, असं सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. तुमच्या हातालाच गुण नाही, असं मी फाडकन सुनावलं. वयाने दहा वर्षं मोठ्या त्या!  त्यांनी दुसरी, कोरी चकती टीपकागदावर ठेवून वर शाईचा थेंब सोडला. दहा मिनिटांनीही खालचा कागद पांढराच.

मी वरून फोटो काढून छिद्रं मोजत बसले होते. एकातून दुसऱ्यात वाट आहे का, हे कधी बघितलंच नव्हतं. खोल्या ढीगभर, धड दार एकीलाही नाही. आत अन्न पोचणार कुठून? आपलेच दात, आपलेच ओठ.

दोनच दिवसांनी याच चकत्या चाचणीसाठी सहा मेंढ्यांच्या गुडघ्यांत जायच्या होत्या. सर्जनना फोन करून मी ते थांबवलं. विभागप्रमुख भडकले, महिनाभरात जमलं नाही तर काम बंद, म्हणाले. जमेल, मी म्हटलं, आणि मला तसं खरंच वाटत होतं.

मिठाचे कण सुटे होते, तिथेच घोडं पेंड खात होतं. या वेळी भरलेलं मीठ दिवसभर दमट पेटीत ठेवलं. कण एकमेकांना घट्ट चिकटले, म्हणजे जिथे चिकटले तिथे दार; मग पॉलिमर ओतलं. शाई सरळ खाली उतरली. मी बाईंची माफी मागायला गेले.

"माफी राहू दे, चकती दे," त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी त्यांनी ती कापली, रंग घातला. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. सूक्ष्मदर्शकावरून त्या डोकं वर काढेनात. मग खुर्ची सोडून उठल्या.

"बस. तूच बघ."

अगदी मधोमधसुद्धा हिरवं होतं. मला रडूच फुटलं, तेही त्यांच्यासमोर. डोळे पुसायच्या आधी मी सर्जनना फोन लावला आणि मेंढ्यांची नवी तारीख मागितली.