दिली होती, विकली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. जुन्या वस्तूंनी शांतपणे बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेली आहे.

कारखान्यातून निघाले ती थेट एका घड्याळजींच्या घरी आले. त्यांच्या पायांतलं बळ गेलं होतं, पण हात चालत होते. सहा वर्षं माझ्यावर बसून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. त्यांची बायको, म्हणजे काकू, दर रविवारी माझ्या चाकांना तेल द्यायच्या. घड्याळजी म्हणायचे, "माझ्यापेक्षा हिचेच लाड जास्त!"

ते गेले, तेव्हा काकूंनी मला स्वच्छ पुसून दानाच्या दुकानात दिलं. लोक तिथे वस्तू फुकट देतात आणि गरजवंत त्या अगदी कमी किमतीत नेतात. "ज्याला नवी झेपणार नाही, त्यालाच द्या," असं काकूंनी बजावलं.

दुसऱ्याच दिवशी लॉन्ड्रीत इस्त्री करणारी एक मुलगी आली. तिचे वडील गवंडी. परांचीवरून पडून कमरेखाली लुळे झाले होते. तिने मला दोनदा ढकलून पाहिलं.

"संध्याकाळी पगार झाला की नेते. ठेवाल ना?"

"ठेवते की," दुकानातल्या बाई म्हणाल्या.

दुपारी टेम्पोवाला आला. तो रोज यायचा आणि चांगलं ते उचलून न्यायचा. "ती येईल न येईल. मी आत्ता रोख देतो," तो म्हणाला. बाईंनी शब्द फिरवला आणि मला त्याला विकलं. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती!

त्याने गॅरेजमध्ये मला चकाचक केलं, फोटो काढला आणि पाचपट किमतीची जाहिरात टाकली. ती बघून त्या मुलीचाच फोन आला.

"दादा, ती माझ्यासाठी ठेवली होती हो. थोडं कमी करा ना."

"ताई, मी धर्मशाळा नाही उघडलेली."

तीन आठवडे मी तिथे धूळ खात होते. तिकडे पडून पडून गवंड्याच्या पाठीला जखमा झाल्या.

मी कुणाला मिळाले, हे विचारायला काकू दुकानात गेल्या. बाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. काकूंनी त्या मुलीला शोधलं आणि तिला घेऊन गॅरेज गाठलं.

"ही मी दिली होती, विकली नव्हती."

"मी काय चोरी केली? मागितले तेवढे मोजले."

"चोराला निदान लपावं तरी लागतं. तुला तेवढीही लाज नाही."

असं म्हणून काकू माझ्यावर बसल्या आणि त्यांनी ब्रेक लावला. "आता मला धरून विक."

त्या दोन तास हलल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी सगळी हकीकत ऐकवली. तिसरं गिऱ्हाईक परत फिरलं, तेव्हा टेम्पोवाला खेकसला, "मी दिले तेवढे टाका आणि न्या ती!"

आता गवंडी माझ्यावर बसून दारापर्यंत येतात. पाठीच्या जखमा मात्र अजून भरलेल्या नाहीत. त्याची भरपाई कोण करणार?

मित्रांनो, भंगारात जाणारी वस्तू कुणी दुरुस्त करून विकली, तर माझी तक्रार नाही. पण गरजवंताच्या ताटातला घास उचलायचा आणि तोच त्याला चढ्या भावाने विकायचा, याला व्यापार म्हणू नका. आणि असं होताना दिसलं, तर नुसते हळहळू नका. त्या गॅरेजमध्ये लहान मुलाच्या मापाच्या कुबड्यांची एक जोडी अजून टांगलेली आहे. तिच्यासाठी अजून कुणीही भांडायला गेलेलं नाही.