तेलानं विझलेली ज्योत

सकाळी नऊला हॉलचं दार उघडायचं, पण साडेआठपासूनच जिन्यावर पाय ठेवायला जागा नसायची. पूर्वी तिथं फर्निचरचं गोदाम होतं आणि भिंतींना अजून लाकडाच्या भुशाचा वास येत होता. पुढं काळं कापड घातलेलं टेबल, टेबलावर वहीच्या पानाएवढी चकचकीत पाटी आणि पाटीमागं उजेडबाबा. पाटीतून एक निळसर ज्योत वर आलेली दिसायची. तिला चित्र कोण म्हणेल? चांगली दोन बोटं हवेत उभी असायची! तुम्ही डावीकडून उजवीकडं गेलात की ओळख पटल्यासारखी तुमच्याकडं झुकायची.

"तेल नाही, वात नाही, वायर नाही!" बाबा हात झाडून दाखवायचे. "मोठमोठे शास्त्रज्ञ येऊन गेले. फुंकर मारमारून दमले बिचारे!"

लोक हसायचे आणि डोळेही पुसायचे.

मग परीक्षा. लाकडी टेकूवर हनुवटी ठेवायची, मान हलवायची नाही आणि ज्योतीच्या टोकाला बोट लावायचं. बोट हवेत थांबलं तर माणूस उजेडातला. थेट पाटीवर आपटलं तर आत अंधार, म्हणजे मागचं काहीतरी पाप शिल्लक. अशानं शेवटच्या रांगेत भिंतीकडं तोंड करून बसायचं आणि औषधं बंद ठेवायची. "गोळी म्हणजे अविश्वास," बाबा बजावायचे, "आणि अविश्वास असेल तिथं ज्योत उठत नाही."

शेजारणीनं फारच आग्रह केला म्हणून ताई एकदा बघायला गेली. शेवटच्या रांगेत सातआठ पाठी होत्या. त्यांतली तिसरी ओळखीची वाटली. ती तिच्या धाकट्या बहिणीची होती.

ताईनं अठ्ठावीस वर्षं सरकारी छापखान्यात काढली होती. पासपोर्टावर, पदव्यांच्या कागदांवर जी चमकती पट्टी असते, ती तपासायचं तिचं काम. पट्टीतलं चित्र हलतंय ना, खोल दिसतंय ना, हे भिंगाखाली बघायचं, सदोष तुकडा बाजूला काढायचा. कामावर लागताना तोंड बंद ठेवण्याची शपथ घेतलेली. घरी आल्यावर नवरा विचारायचा, "आज काय केलंस?" ती म्हणायची, "कागद." पुढं पुढं त्यानं विचारणं सोडलं आणि एक दिवस तो घर सोडून गेलाही. निवृत्तीनंतर शपथेचं बंधन उरलं ते छापखान्यातल्या गोष्टींपुरतं, पण गप्प बसायची सवय सगळ्याच गोष्टींना लागली होती. दिवसचे दिवस तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा तो फक्त दूधवाल्याशी बोलताना.

बहिणीशीही सहा वर्षं जेवढ्यास तेवढंच. आईच्या शेवटच्या दुखण्यात धाकटी आली नव्हती. ताई तेव्हा एकच वाक्य बोलली होती, "हे पाप तुला जन्मभर पुरेल." मग दोघी आपापल्या खोल्यांत म्हाताऱ्या होत गेल्या.

त्या दुपारी ताई धाकटीच्या घरी गेली. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर अर्धवट झबलं, सुईत दोरा नाही.

"तू कशी काय आलीस?" धाकटी म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

"तू तिथं कधीपासून बसतेस?"

"तीन महिने झाले. सगळ्यांना ती वर आलेली दिसते गं, ताई. मला हलताना दिसते, पण पाटीला चिकटलेली. रोज बोट आपटतं."

"आणि औषधं?"

"डोळ्यांत थेंब घालायचे होते. सोडले." ती किटली वाकवत म्हणाली, "माझं पाप काय ते तुला ठाऊकच आहे."

ताई कपाकडं बघत होती. चहाची धार कपाच्या अलीकडं, बशीत पडत होती आणि धाकटीला त्याचा पत्ता नव्हता.

ताई उठली. "डावा डोळा झाक बघू."

"का?"

"झाक तर खरं. माझं तोंड दिसतंय?"

धाकटीनं हात डोळ्यावर ठेवला आणि ती तशीच उभी राहिली. "धूर आहे," ती हळूच म्हणाली. "ताई, उजव्यात नुसता धूर आहे."

"चल, दवाखान्यात जाऊ."

"नको! दवाखान्यात गेले तर ज्योत कधीच उठायची नाही माझ्यासाठी."

ताईनं हात धरला, तर तिनं सोडवून घेतला. ओढून नेण्यात अर्थ नव्हता. जाताना ताईनं यंत्राजवळची तेलाची छोटी कुपी उचलली. "उद्या मीही येते तुझ्या बाबांकडं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या रांगेत ताईचा नंबर आला. तिचं बोट बरोबर हवेत थांबलं. "उजेड!" बाबा ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा, एक शंका आहे," ताई म्हणाली. इतक्या लोकांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती आणि आवाज चिरकत होता. "टेबलाशी उभा असलेला हा तुमचा मुख्य सेवक तर पक्का उजेडातला असेल?"

"दोन वर्षांपासून!"

"मग त्यानं एक डोळा झाकून ज्योतीला बोट लावावं."

बाबा हसले. "श्रद्धेला डोळे मोजावे लागत नाहीत, बाई."

"मग झाकायला काय हरकत आहे?"

लोकांत कुजबुज झाली. सेवक ऐटीत पुढं आला. हनुवटी टेकूवर, एक तळवा डोळ्यावर. त्याचं बोट खाली आलं, ज्योतीतून आरपार गेलं आणि पाटीवर टक्कन आपटलं.

"पापी झाला की हो!" कुणीतरी म्हणालं आणि मागं हशा पिकला.

"बसा खाली!" बाबा कडाडले. "ही बाई नास्तिक आहे! ज्योत कोपेल!"

"कोपू दे," ताई म्हणाली. तिनं कुपी उघडून पाटीवर तेलाचा थेंब सोडला आणि बोटानं पसरवला. तेल पसरलं तेवढ्या जागी ज्योत नाहीशी झाली. वरचं टोक हवेत, मधला भाग गायब! पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या. ताईनं पदरानं तेल पुसलं, ज्योत पुन्हा जागेवर.

"तेलानं विझणारी ज्योत पाहिलीत कधी?" तिनं विचारलं. आवाज आता चिरकत नव्हता. "या पाटीवर डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक भिंगं आहेत, लाखभर. त्यांच्याखाली ज्योतीची तितकीच बारीक चित्रं छापलेली. तुम्ही हललात की प्रत्येक भिंग चित्राचा निराळा तुकडा दाखवतं, म्हणून ती झुकते. तुमच्या दोन डोळ्यांनाही निरनिराळे तुकडे दिसतात. डोकं त्यांची जुळणी करतं आणि ज्योत हवेत उभी करतं. तेलानं भिंगांमधले खळगे भरले की भिंगं निकामी होतात. यात गुपित काही नाही, मुलांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवरसुद्धा हल्ली असली चित्रं येतात. मान स्थिर ठेवून ती हवेत दिसायला दोन डोळे लागतात, एवढंच. मागं भिंतीकडं तोंड करून बसलेत ना, ते पापी नाहीत. त्यांचा एक डोळा अधू आहे. आणि तुम्ही त्यांचं औषध बंद केलंत."

मग शेवटच्या रांगेतला एक म्हातारा वळला आणि त्यानं सगळ्यांदेखत आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. त्याच्याशेजारी धाकटी उभी राहिली होती.

बाबांनी पाटी कापडात गुंडाळली. आठवड्याभरात हॉलला कुलूप लागलं. लोकांनी ताईचा सत्कार केला असं मात्र कुणी समजू नये. शेजारीण जिन्यात भेटली की मान फिरवू लागली. "आमचं एक सुखाचं ठिकाण होतं," ती एकदा म्हणाली, "तेही बघवलं नाही तुम्हाला." त्या बाईच्या घरातही कुणी बोलायला नव्हतं, हे ताईला माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीला तपासलं. काचबिंदू. "उजवा गेला," त्या म्हणाल्या. "गेलेली नजर परत येत नाही. डावा वाचवू, पण थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. थेंब सोडले नसते, तर उजव्यातलं थोडं तरी राखता आलं असतं."

बाहेर येऊन दोघी बाकावर बसल्या.

"म्हणजे ते पाप नव्हतं," धाकटी म्हणाली.

"नव्हतं."

"तू तसं म्हणाली होतीस."

"चुकले मी," ताई म्हणाली. सहा वर्षांत तिला हे दोन शब्द सापडले नव्हते. धाकटीनं मान हलवली. माफ केलं की नाही, ते ताईला कळलं नाही. पण रस्ता ओलांडताना धाकटीनं तिचा हात धरला, कारण उजवीकडून येणारी वाहनं तिला दिसत नव्हती.

चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचारा. रागावला तर आणखी विचारा. आणि सगळ्यांना दिसणारं काही आपल्या माणसाला दिसत नसेल, तर त्याचं पाप शोधत बसू नका. त्याला डॉक्टरकडं न्या, आणि लवकर न्या.