परत आलेला चारशे अठरा

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. पाटीबाबा टेबलावर मांडी घालून बसले होते आणि मेलेली माणसं एकामागून एक परत येत होती.

"लेकीचा बिल्ल्याचा नंबर लिही, माई. त्यालाच जोडून पुन्हा तोच लिही. एक जिवंतपणीचा, एक नंतरचा."

आईने पाटीवर लिहिलं, ४१८४१८. शिवणखात्यातली तिची थोरली लेक तापाने जाऊन दोन महिने झाले होते.

"साताने भाग. आलेल्याला अकराने, मग तेराने. जीव सुटला असेल तर कुठेतरी बाकी उरेल."

बाबांनी खडूला बोटही लावलं नाही. भागाकार आईनेच केला, बाकी कुठेच उरली नाही, आणि शेवटी उत्तर आलं ४१८. मागे उभ्या धाकट्या लेकीच्या अंगावर काटा आला.

"आली बघ," बाबा म्हणाले. "शिलाई मशीनमध्ये अडकलीय. उद्या मशीन घेऊन ये, सोडवतो."

बाबांच्या खोलीत अशी सोडवलेली दोन मशीनं आणि एक नवी सायकल आधीच होती. मोडक्या वस्तूत आत्मे सहसा अडकत नाहीत.

घरी आईने मशीनवर चादर टाकली. थोरलीने तिला त्याच मशीनवर शिवण शिकवलं होतं, आता घरही त्यावरच चालत होतं. तरी देणार होती. धाकटीलाही वाटलं, चादरीखाली कुणीतरी पायडल हलवतंय.

दुसऱ्या दिवशी धाकटी त्याच कारखान्यात, आपल्या कामावर, कपड्यांच्या गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होती. चिठ्ठीवर कामगाराचा नंबर दोनदा असतो. अर्धी गठ्ठ्याला, अर्धी कामगाराला. तिच्या स्वतःच्या चिठ्ठीवर होतं ३२७३२७. तिने भागून पाहिलं. ३२७ परत आला. क्षणभर तिला वाटलं, आपणही गेलो की काय. मग तिने सात, अकरा आणि तेराचा गुणाकार केला आणि बराच वेळ त्या उत्तराकडे बघत राहिली.

दुपारी आई मशीन हातगाडीवर घेऊन आली. धाकटीने पुढे होऊन, कुणाचा ते न सांगता, पाटीवर आपला नंबर दोनदा लिहिला आणि सगळ्यांसमोर भागाकार केला.

बाबांनी डोळे मिटले. "तळमळतेय बिचारी. पाण्यात गेली. केस अजून ओले आहेत."

धाकटीने आपला ३२७चा बिल्ला काढून पाटीवर ठेवला. "कोरडे आहेत बाबा. हात लावून बघा."

कँटीनमधल्या बायका बिल्ला बघायला पुढे सरकल्या.

"तीन आकडी नंबर दोनदा लिहिला की त्याची एक हजार एक पट होते," ती बायकांकडे वळून म्हणाली. "सात, अकरा, तेराचा गुणाकारही एक हजार एकच. आधी नकळत गुणून घ्यायचं, मग भागायला लावायचं. घातलं तेच बाहेर येणार. तुमचाही नंबर घालून बघा."

बायकांनी खडू घेतले. बाबा स्वयंपाकघराच्या दाराने गेले ते गेलेच.

"म्हणजे ती आली नव्हती," आई म्हणाली.

"नाही, आई."

कुणी आकड्यात तुमचं गेलेलं माणूस दाखवलं, तर आधी जिवंत माणसाचा आकडा घालून बघावा. एवढी शंका गेलेल्याचा अपमान करत नाही.

संध्याकाळी मशीनचा आवाज आला आणि धाकटी दचकून वळली. आई शिवत होती.

"तीच वाटली ना? मलाही रोज वाटते," आई म्हणाली. "वाटू दे. मशीन मात्र मी कुणाला देणार नाही."