आईचं नाक

आमच्या आईच्या नाकाला बाबा टरकून असायचे. खोटं नाही सांगत. चोरून सिगरेट ओढून ते जिना चढायला लागले की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "आधी चूळ भरा, मग घरात या!" माझ्या दप्तरात केळं कुजलंय हे तिला दप्तर न उघडता कळायचं. दुधाच्या पातेल्यावर वाकून एकदा हुंगायची आणि "आहे चांगलं" नाहीतर "फेका" असा निकाल द्यायची. त्यावर अपील नाही! त्याच नाकाच्या जोरावर तिने पंख्यांच्या कारखान्याचं कॅन्टीन वर्षानुवर्षं चालवलं. कामगार म्हणायचे, बाईंनी हुंगलंय ना, मग वाढा बिनधास्त.

ते नाक त्या मेल्या मॅनेजरने घालवलं. हो, मेल्याच. आज तो असेल नसेल, मी शब्द मागे घेणार नाही. वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून त्याने कॅन्टीनची तुंबलेली मोरी घाईघाईत साफ करायला लावली. अॅसिड ओता, वर ब्लीचिंग पावडर टाका आणि खिडक्या लावून घ्या, बाहेर वास जायला नको. आई आतच होती. तिला उचलून बाहेर आणावं लागलं. पुढे खोकला थांबला, डोळ्यांची आग थांबली, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की कढईत लसूण करपला तरी आपल्याला पत्ता नाही.

तिने मॅनेजरला जाऊन सांगितलं. तो हसला. "नाकाने कुठे स्वयंपाक करतात बाई? हाताने करा."

तिने केला. अंदाजाने, सवयीने. मग एका सुट्टीत कॅन्टीनचा फ्रिज बंद पडला आणि कुणाला कळायच्या आत परत सुरूही झाला. सकाळी मटण हाताला गार लागलं, दिसायलाही बरं होतं. पूर्वीची आई असती तर झाकण उघडताच तिने ते उकिरड्यावर पाठवलं असतं. त्या दिवशी तिने ते शिजवलं. अर्धा कारखाना आडवा झाला. काही जणांना सलाईन लागलं. देवाची कृपा, सगळे घरी परतले.

कंपनीने हात झटकले. बाईंनी खराब मटण जाणूनबुजून शिजवलं, म्हणून आईवरच खटला! मॅनेजर तर शपथेवर म्हणाला, "नाकाचं मला कधी बोलल्याच नाहीत. ही आत्ता सुचलेली गोष्ट आहे."

आमच्या खालच्या मजल्यावर एक वकीलकाकू राहायच्या. त्यांनी केस घेतली आणि आईला सरळ सांगितलं, "वहिनी, मोरीच्या वाफेने तुमचं नाक गेलं हे सिद्ध झालं, तर दोष कंपनीचा. नाही झालं, तर तुरुंगाची तयारी ठेवा. पण नाकावर काही जखम दिसत नाही, हीच पंचाईत आहे."

तुरुंग म्हटल्यावर बाबांची झोप उडाली. आईचं मात्र भलतंच. ती रोज सकाळी कॉफीच्या डब्यात नाक खुपसून बसायची. "आज जरा आल्यासारखं वाटतंय गं," म्हणायची. काही येत नसायचं. मग डबा माझ्यापुढे सरकवून विचारायची, "तू सांग, कसा येतोय?"

"कॉफीसारखा," मी वैतागून म्हणायचे. शाळेला उशीर होत असायचा.

"राहू दे. येईल माझं मला," असं म्हणून ती डब्याला झाकण लावायची.

कंपनीच्या वकिलाने मागणी केली की बाईंच्या नाकाची परीक्षा भर कोर्टात व्हावी. न्यायाधीशबाईंनी एक म्हातारे नाक-कान-घशाचे डॉक्टर नेमले. झालं! बाबांनी घरात तालीम सुरू केली. आईच्या डोळ्यांना टॉवेल बांधायचा आणि नाकाखाली एकेक वस्तू धरायची. लसूण, रॉकेल, माझे पावसात भिजलेले मोजे. "काहीही धरलं तरी हूं की चूं करायचं नाही," बाबा बजावायचे. आई दगडासारखी बसायची. एकदा बाबांनी स्वतःचाच मोजा धरला आणि त्यांनाच मळमळलं. आई टॉवेलाआड इतकी हसली, इतकी हसली, की टॉवेल ओला झाला. वाईट दिवस होते ते, पण आमच्या घरातलं हसणं आठवायचं म्हटलं की मला तीच संध्याकाळ आठवते. काय करू?

कोर्टात डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तीन बाटल्या मांडल्या. पहिली नाकाशी नेली. कॉफीची होती, मला मागच्या बाकावर कळलं.

"काही येतंय?"

"नाही."

दुसरी उघडली तेव्हा कारकुनाने नाकाला रुमाल लावला. सडलेलं काहीतरी होतं. आई शांत. "नाही."

बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. डॉक्टरांनी तिसरी बाटली उघडली आणि आई खाडकन मागे सरकली. पट्टीखालून पाणी वाहायला लागलं. बाबा पुटपुटले, "संपलं." आणि आमची आई, सगळी तालीम विसरून, लहान पोरीसारखी ओरडली, "आला! आला! वास आला मला!"

असा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर तोवर पाहिला नव्हता. तिने पट्टी ओढून काढली आणि ती आम्हाला शोधायला लागली.

कंपनीचा वकील टाय सावरत उठला. "ऐकलंत? बाईंनी स्वतःच कबूल केलं!" मला त्याच्या त्या टायनेच त्याचा गळा आवळावासा वाटला. वकीलकाकूंनी कपाळाला हात लावला.

"थांबा जरा," म्हातारे डॉक्टर म्हणाले. "तिसऱ्या बाटलीत अमोनिया आहे. तो नाकाला झोंबतो. झोंबणं वेगळ्या नसेने कळतं, ती नस वासाची नव्हे. नाटक करणारा माणूस हटकून तिन्ही बाटल्यांना नाही म्हणतो. या बाई दचकल्या, म्हणजे खरं बोलतायत. यांचं वास घेणं पूर्ण गेलंय, मोरीतल्या तसल्या वाफेने जातं तसंच, आणि इतक्या महिन्यांनी ते परत येईल असं मला वाटत नाही."

कोर्टात कुजबुज झाली. वकीलकाकूंनी बाबांच्या पाठीत धपाटा घातला. बाबा रडायलाच लागले. मी आईकडे बघत होते. तिच्या हातात अजून ती पट्टी होती.

"डॉक्टर," तिने हळूच विचारलं, "मग आत्ता आला, तो वास नव्हता?"

"नाही हो, बाई."

"बरं," ती म्हणाली, आणि पट्टीची नीट घडी करून तिने त्यांना परत दिली.

पुढे निकाल आमच्या बाजूने लागला. कामगार घरी येऊन तिच्या पाया पडून गेले, त्यांत सलाईनवाले पण होते. पण मला सारखी आठवते ती कोर्टाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी वेणी घालत होते. आईने फडताळातून कॉफीचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि तो स्वतःच्या नाकाशी नेलाच नाही. माझ्यापुढे धरला.

"सांग," म्हणाली. "नीट सांग हं."

वेणी अर्धी सोडून मी तिच्याशेजारी बसले आणि डब्यात नाक घातलं. त्या दिवशी शाळेला चांगलाच उशीर झाला.