महारुद्रच्या गोष्टीचा तर्जुमा

"पावनं, भितीला टेकू नगा. चुना वला हाय."

रेवणप्पा दचकून बाजूला झाले. कोटाच्या बाहीला चुना लागला होताच. सांगणारी म्हातारी शिडीच्या बुडाशी बसून दगडावर गेरूचे खडे वाटत होती. तिचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते.

चिंचोलीच्या चावडीची ही मागची भिंत चाळीसेक हात लांब होती. आठ-दहा बायका आणि चार-पाच गडी तिला चिकटून कामाला लागले होते. काडीला चिंध्या बांधून केलेले कुंचले, आणि मातीच्या पसरट परळांमधून गेरू, नीळ, काजळी. भिंतीवरच्या चित्रात एक म्हातारी जमिनीत खड्डा खणत होती. पुढं दोन घोडेस्वार येत होते, त्यातल्या एकाच्या हातात कागद होता. घोडे जरा बैलांसारखे झाले होते.

"कशाची चित्रं आहेत?" रेवणप्पांनी विचारलं. त्यांना दिसताक्षणी कळलं होतं, तरी विचारलं.

"महारुद्रची गोष्ट हाय," शिडीवरून बंडप्पा शिंपी म्हणाला. "आमच्या गावचं पोरगं. गोष्टी लिवायचं आन् माझ्या दुकानात बसून वाचून दाखवायचं. एका गोष्टीपायी जेलात गेलं, ते परत आलंच न्हाय. त्याच्या वह्या कचेरीत व्हत्या, त्याबी मागल्या साली कागदं जाळली त्यात गेल्या. मग ज्याला जेवढं याद हाय, तेवढं भितीवर काढायलोय."

"मधली म्हातारी म्हंजी मी," गेरू वाटणारी म्हातारी म्हणाली. "रुद्रम्मा. माझ्यावरच लिवलं हुतं त्यानं."

रेवणप्पांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. तिथं एकोणीस कागद घडी करून ठेवले होते. सकाळी निघताना बायको, गंगम्मा, दारात आडवी उभी राहिली होती. "कशाला जाता? लोक मारतील तुम्हाला," ती म्हणाली होती. कागद पारावर ठेवून कुणाशी न बोलता परत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तीस वर्षं ते तालुक्याच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. लोकांचे मराठी अर्ज, तक्रारी, बांधाची भांडणं, सगळ्याचा उर्दूत तर्जुमा करून साहेबांपुढे ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. कुणाची विहीर, कुणाची गाय, कुणाची पळून गेलेली सून. सकाळी दहा अर्ज आले तर दुपारपर्यंत हातावेगळे व्हायचे. संध्याकाळी त्यातलं एकही नाव त्यांना आठवत नसे. आता कचेरीचा कारभार मराठीत आला होता आणि रेवणप्पा घरी बसले होते.

शेहेचाळीस साली एका सकाळी त्यांच्या मेजावर जप्त केलेल्या तीन वह्या आल्या. त्यातल्या एका गोष्टीवर तांबड्या पेन्सिलीची खूण होती. सरकारची माणसं तेव्हा गावोगाव सक्तीच्या वसुलीची, लेव्हीची ज्वारी घालायला लावत. गोष्टीतली म्हातारी आपली ज्वारी जमिनीतल्या पेवात पुरते आणि पेवाच्या तोंडावर घोंगडं टाकून बसून राहते. माणसं येतात, दरडावतात, ती उठत नाही. शेवटी पेव उघडतं. एवढीच गोष्ट. त्या एका गोष्टीला रेवणप्पांना आठ दिवस लागले. एका वाक्यावर तर ते एक आख्खी दुपार बसले होते.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाला वाद सुरू झाला होता. शेवटच्या चित्रात बायकांची रांग होती, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपलं.

"शेवटाला म्हातारी पेव उघडती आन् समद्या गावाला ज्वारी वाटती," रुद्रम्मा म्हणाली.

"मला तर वाटतंय ती मरती," बंडप्पा म्हणाला.

"मरत न्हाय. मी हाय की जित्ती."

"ज्वारी कुजलेली निघते," रेवणप्पा म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण बोललो. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तुमाला कसं म्हाईत?" बंडप्पाने विचारलं.

रेवणप्पांनी कागद बाहेर काढले. "मी कचेरीत होतो. ह्या गोष्टीचा तर्जुमा मी केला. हा कच्चा मसुदा माझ्या पेटीत राहिला होता."

बंडप्पा शिडीवरून खाली आला. काजळीचा परळ हातात तसाच होता. तो रेवणप्पांच्या इतका जवळ आला की काजळीचा वास नाकात शिरला. "तुमीच का त्यो? तुमच्या कागदावर पोराला दीड वरसाची सजा झाली. सातव्या महिन्यात हगवणीनं गेलं तिथं. तेवीस वर्साचं."

"हो. मीच."

कुणीतरी महारुद्रच्या आईला आणायला धावलं होतं. धुरपदाबाई आल्या तेव्हा त्यांच्या हाताला कडब्याचा भुसा होता. काय झालं ते लोकांनी एकदम सांगितलं, चौघांनी चार बाजूंनी. त्या ऐकून रेवणप्पांसमोर उभ्या राहिल्या.

"तुमी बघितलं का त्याला?" त्यांनी विचारलं. "कोर्टात?"

"बघितलं."

"मला आत सोडलं न्हाय. म्या भाईर चिंचेखाली बसले हुते दिसभर."

रेवणप्पांना ती चिंच आठवत होती. तिच्याखाली कोण बसलंय ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मी तीस वर्षं तर्जुमा केला, पण जीव लावून एकच केला. साहेब वाचताना दोनदा हसले. मग हसायचे थांबले. मी नेहमीसारखं खरडून दिलं असतं, तर कागद बाजूला पडले असते. पोरगा सुटला असता."

"मग वाईट का न्हाय केलं?"

"करता आलं नाही. गोष्ट तशी नव्हती."

धुरपदाबाईंनी हातावरचा भुसा झटकला. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाला त्यो?"

"साहेबांनी मला तर्जुमा मोठ्यानं वाचायला लावला. तुमच्या पोराला शाळेतली उर्दू येत होती. सगळं ऐकत होता. वाचून झाल्यावर साहेबांनी विचारलं, बरोबर आहे का? तो म्हणाला, 'बराबर हाय.' मग माझ्याकडं बघून म्हणाला, 'एक शब्दबी कमी न्हाय, मामा.'"

"हसला का?"

"हसला."

धुरपदाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बंडप्पा," त्या म्हणाल्या, "पावन्याला पाणी दे. आन् कोळसा आण. ते सांगत्यात तसं भितीवर लिव."

रेवणप्पा तीन दिवस चिंचोलीत राहिले. रात्री झोपायला देवळात, जेवायला रोज वेगळ्या घरी. कागद डोळ्यांसमोर धरून ते एकेक वाक्य मराठीत सांगत, बंडप्पा कोळशाने लिहीत असे आणि बायका त्यावरून काजळीचा कुंचला फिरवत. पण पहिल्याच ओळीला काम अडलं.

"'म्हातारी भुकेनं व्याकूळ झाली,'" रेवणप्पांनी सांगितलं.

"व्याकूळ?" रुद्रम्मा म्हणाली. "ह्यो शब्द महारुद्रचा न्हाय. कीर्तनकाराचा हाय."

"उर्दूत तसंच आहे."

"पोट पाठीला लागलं," धुरपदाबाई म्हणाल्या. "असं म्हणायचा त्यो."

रेवणप्पांनी कागद खाली केला. वहीतलं ते पान, निळी शाई, डावीकडे कललेली अक्षरं त्यांच्यापुढे उभी राहिली. "हेच होतं," ते म्हणाले. "पोट पाठीला लागलं. हेच."

त्यानंतर तसंच होत गेलं. ते अर्थ सांगत, गाव शब्द सांगे. कुणी शेतातून येऊन एक शब्द देऊन जाई. कधी एका ओळीवर तास जाई, कधी चार ओळी भराभर होत. ज्या वाक्यावर ते पूर्वी एक दुपार बसले होते, ते मात्र कुणालाच सापडलं नाही. पेव उघडल्यावर आलेल्या वासाबद्दलचं ते वाक्य होतं. उर्दू त्यांच्यापुढे होती, पण महारुद्रने काय लिहिलं होतं ते त्यांना आठवेना. सगळ्यांनी आपापले शब्द सुचवले, धुरपदाबाई प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत गेल्या. शेवटी तेवढी वीतभर जागा कोरी सोडली.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या चित्राचा प्रश्न आला.

"आमी खरंच वाटली हुती की ज्वारी," रुद्रम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझ्या पेवातली चांगली निघाली हुती. समद्या गावानं खाल्ली. ह्यो लिवतो कुजली म्हणून?"

कुणी तिला खोटं पाडलं नाही. त्या ज्वारीची भाकरी तिथल्या बऱ्याच जणांनी खाल्ली होती.

"खरं तुमचं असंल, रुद्रम्मा," धुरपदाबाई म्हणाल्या. "गोष्ट त्याची हाय."

रुद्रम्मा टोपल्यांच्या रांगेपाशी गेली. ती रांग तिनेच काढली होती. मग तिने चुन्याची बादली ओढली आणि एकेक टोपलं स्वतःच्या हाताने पुसलं. दुपारनंतर तिथं तिनेच एक म्हातारी काढली. उघड्या पेवाच्या काठावर बसलेली, ओंजळीत काळी पडलेली ज्वारी.

शेवटची ओळ लिहून झाली तेव्हा उन्हं कलली होती. बायका कुंचले धुवायला निघाल्या. रेवणप्पांनी कागदांची घडी घातली.

"आण्णा, थांबा," धुरपदाबाई म्हणाल्या. "तितं वाचलं हुतं तसं वाचा."

"ते उर्दूत आहे, बाई."

"असू द्या. त्यानं ऐकलं तसं ऐकायचं हाय मला."

रेवणप्पांनी चष्मा पुसला आणि घडी उलगडली. बायका परत येऊन जमिनीवर टेकल्या. चित्रं काढणाऱ्यांतल्या कमलबाईने चावडीतून घोंगडं आणून धुरपदाबाईंच्या पायाशी अंथरलं.

धुरपदाबाईंनी विचारलं, "तुमी वाचत हुता तवा त्यो बसला हुता का उभा?"

"उभा. आरोपीला बसू देत नाहीत."

"किती येळ?"

"तासभर. सगळं वाचून होईस्तोवर."

रेवणप्पा वाचू लागले. त्या उर्दूतले थोडे शब्द बसलेल्या लोकांना कळत होते, बरेच कळत नव्हते. कुणी उठून गेलं नाही. दुसऱ्या पानावर, साहेब हसले होते त्या जागी, बंडप्पा हसला आणि गप्प झाला. सातव्या पानावर रेवणप्पा थांबून पाणी प्याले आणि पुढं वाचू लागले.

कमलबाईने दोनदा धुरपदाबाईंचा हात धरून खाली ओढला. धुरपदाबाईंनी तो सोडवून घेतला. दोन्ही हात समोर धरून, ताठ मानेनं, एकोणिसावं पान संपेपर्यंत त्या उभ्याच होत्या.